मिरानला उचलायचं नाही

प्यो मिरान गोड मुलगी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. तिचं नाव निघालं की आमच्या भागातले निम्मे लोक डोळे पुसतात आणि निम्मे तोंड वाकडं करतात. दोघांनाही ती कळलेली नाही. पहिल्यांदा ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली तेव्हा तिची चाकाची खुर्ची उंबऱ्याला अडली. मी धावत जाऊन मागून जोर लावला, तर मान न वळवता म्हणाली, "काका, तुम्हाला न विचारता कोणी मागून धरून ढकललं तर चालेल का?" मी हात काढला. मग ती मागे सरकली, वेग घेतला, दोनदा आपटली आणि तिसऱ्या झटक्यात आत आली. नोट्सचा गठ्ठा काउंटरवर टाकून म्हणाली, "दोन्ही बाजूंनी काढा. आणि तो उंबरा पण काढा."

उंबरा त्याच आठवड्यात निघाला. मी नाही काढला, माझ्या बायकोने हातोडा आणून फोडला. माझं डोकं अशा गोष्टीत चालत नाही. मला फक्त राग येतो.

दुकान कोरियातल्या तेगू शहराच्या कडेला, डोंगरावरच्या विद्यापीठाच्या फाटकासमोर. विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही, त्यांना वकील परवडतात. पोरांच्या नोट्स, प्रबंधांची बांधणी, फाटकावर टांगायचे कापडी बॅनर, सगळं माझ्याकडे. त्यामुळे त्या डोंगरावर काय शिजतंय ते कुलगुरूंच्या आधी मला कळायचं, कारण मीच ते छापत असे.

मिरान सफरचंदाच्या बागांमधल्या एका खेड्यातली. नऊ वर्षांची असताना बापाच्या पॉवर टिलरवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. बाप दारूत गेला. आईने तिला पाठीवर घेऊन शाळा करवली. एका हायस्कुलाने जिने दाखवून परत पाठवलं, दुसऱ्याने वर्षभर झुलवलं, म्हणून ती विद्यापीठात आली तेव्हा वर्गातल्या पोरांहून दोन-तीन वर्षांनी मोठी होती. सगळे तिला ताई म्हणायचे. तिला शाळेत इतिहास शिकवायचा होता. ह्यापलीकडे तिची कसलीच मागणी नव्हती. शिक्षक व्हायचं तर ठरावीक विषय त्या वर्गात बसून पुरे करावे लागतात, आणि इतिहास विभाग होता मानव्यविद्येच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई तोपर्यंत मणक्याने वाकली होती. फाटकाजवळच्या एका खानावळीत ती बसून भांडी घासायची, तेवढंच तिला जमायचं.

पहिल्याच दिवशी मा दोकसू नावाचा तिच्या वर्गातला मुलगा पुढे झाला. मासळीबाजारातल्या बाईचा पोरगा, शाळेत ज्यूडो खेळलेला, दारातून आत येताना आडवं व्हावं लागेल असा रुंद. जिन्याखाली मिरान बसलीय हे बघून तो पाठमोरा खाली बसला आणि म्हणाला, "चढ, ताई." आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर नाही कसं म्हणणार? ती चढली. दोन मुलांनी मागून खुर्ची आणली. हे दोन वर्षं चाललं. सकाळी वर, संध्याकाळी खाली. दुपारी सगळे खाली जेवायला जायचे आणि ही वर रिकाम्या वर्गात आईने दिलेला किंबापचा, म्हणजे भाताचा, रोल खात बसायची.

दोकसू भला मुलगा होता. त्याच्याबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. माझा राग आहे तो त्या भलेपणाचं ज्यांनी दुकान मांडलं त्यांच्यावर.

विद्यापीठाच्या स्थापनादिनाला त्यांनी दोकसूला सत्कर्माचा पुरस्कार दिला. विद्यार्थी कल्याण विभागाचे प्रमुख पांग साहेब स्वतः माझ्या दुकानात आले. केसांना तेल, हातात पंखा. म्हणाले, "बॅनर करायचाय. मोठा. फाटकाच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत."

"मजकूर?"

"लिहा. दोन वर्षं, चार मजले, मैत्रीची पाठ. अपंग मैत्रिणीला रोज वर्गात नेणारा मा दोकसू, आमच्या विद्यापीठाचा अभिमान."

"मुलीचं नाव?"

"नाव कशाला? उगाच तिला वाईट वाटेल."

बॅनर लागला. वर्तमानपत्रवाले आले आणि दोकसूला पाठमोरं बसवून, मिरानला वर चढवून जिन्यात पाच-सहा वेळा फोटो काढले. "जरा हसा हो," म्हणाले तिला. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, खिडकीतून बॅनरकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लिफ्टला कधी पुरस्कार दिलाय का कुणी, काका?"

"लिफ्ट आहेच कुठे?" मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली. "म्हणून तर द्यावा लागला."

मग दोकसूला सैन्यातून बोलावणं आलं. आमच्याकडे प्रत्येक पोराला येतं. दोन वर्षांहून जास्त काळ जातो, कुणी शिक्षण अर्धवट टाकून आधी जातो, कुणी मागाहून. सगळ्या विभागाला माहीत होतं की तो कधीतरी जाणारच. विद्यापीठालाही माहीत होतं. पण तो गेल्यावर मिरान वर कशी जाणार, हा विचार त्या डोंगरावरच्या एकाही डोक्यात आला नव्हता.

निरोपाचं जेवण शेजारच्या खानावळीत होतं, दुपारचं. दोकसूने मलाही ओढून नेलं. डोकं तुळतुळीत करून आला होता, पोरी त्याच्या टाळूवरून हात फिरवून किंचाळत होत्या. सोजू दारूच्या बाटल्या फिरल्या, रडारड झाली, गाणी झाली. मिरान टेबलाच्या टोकाला होती. कुणीतरी मध्येच विचारलं, "ए, पण आता ताईला कोण उचलणार?"

आणि मग एक जण ओरडला, "दगड-कागद-कात्री! हरेल तो उचलेल!"

आमच्यात कुठलीही नकोशी गोष्ट अशीच ठरते. कचरा कोण टाकणार, बिल कोण देणार, दगड-कागद-कात्री. त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. सात-आठ पोरांनी मुठी पुढे केल्या. पहिला सुटला तो नाचला. दुसरा सुटला त्याने छातीवर हात ठेवून "वाचलो रे बाबा" केलं. टेबल हसून हसून लोळत होतं. शेवटी चष्मेवाला एक काडीपैलवान हरला आणि टेबलावर कपाळ आपटून म्हणाला, "आई गं, मेलो!" सगळ्यात मोठा हशा त्याला पडला. दोकसूसुद्धा हसला.

मिरान हसली नाही. तिने त्या चष्मेवाल्याला विचारलं, "तुझं वजन किती?"

"ताई, मस्करी केली गं."

"मी मस्करीत विचारत नाहीये. तू मला तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकशील. मग बॅनरवर काय लिहायचं?"

कुणीतरी म्हणालं, "ताई, मूड घालवू नकोस ना. आज दोकसूचा दिवस आहे." तिने खुर्ची मागे घेतली आणि निघून गेली. तिच्या मागे टेबलावर जे बोलणं झालं ते मी ऐकलं. "इतकं करतो आपण हिच्यासाठी, आणि तोरा बघ." त्या क्षणी मला ती आख्खी पंगत उलथून टाकावीशी वाटली. पण मी पाहुणा होतो, म्हणून नुसता प्याला संपवला.

पुढच्या सोमवारी ती प्राध्यापक यॉम ह्यांना भेटली. ते खाली उतरेपर्यंत तीन तास जिन्यापाशी बसून होती, कारण त्यांची खोलीही वरच. यॉम सर विभागप्रमुख, गावातल्या जुन्या विद्वान घराण्यातले, ताठ. तिने एकच गोष्ट मागितली. तळमजल्यावर माजी विद्यार्थी संघाची मोठी खोली होती. वर्षातून एकदा उघडायची, एरवी आत टेबल टेनिसचं टेबल धूळ खात असायचं. वर्ग तिथे भरवा.

हे मला तिने स्वतः सांगितलं, त्यांची नक्कल करून. "हे बघ मिरान, इतिहास विभाग ह्या इमारतीत पहिल्यापासून चौथ्या मजल्यावर आहे. एका विद्यार्थिनीसाठी चाळीस जणांना हलवायचं?"

"चाळीस जणांना पाय आहेत, सर."

"उद्धटपणा नको. तू येऊच नकोस ना. हजेरी मी लावतो. नोट्स मुलं देतील. मार्कांचंही बघू. झालं? आणखी काय हवं?"

"वर्ग हवा, सर."

"तेच तर देतोय तुला, घरबसल्या!"

आणि ते खरंच तसं वागले. सगळेच वागले. तिसरं वर्षभर मिरान माझ्या दुकानात बांधणीच्या यंत्राशेजारी बसायची. चाळीस जण वर शिकायचे, एखादी दयाळू मुलगी संध्याकाळी वही आणून द्यायची, मी झेरॉक्स काढायचो आणि ही वाचायची. वहीत लिहिलेलं असायचं, 'हे महत्त्वाचं.' का महत्त्वाचं ते लिहिलेलं नसायचं. ती मला विचारायची, "काका, ह्याचा अर्थ काय असेल?" मी कागद अडकला तर काढणारा माणूस, मला काय कळणार?

त्याच वर्षी तिने विद्यापीठावर खटला भरला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतली तरुण वकीलबाई तिला मिळाली. बाई बुटकी, आवाज बारीक, पण एकदा चावली की सोडत नसे. मागणी दोन ओळींची होती. माझं वर्ष वाया घालवलं त्याची भरपाई द्या आणि वर्ग मी पोहोचेन अशा जागी भरवा.

मग जे सुरू झालं ते बघून मला माझ्या गिऱ्हाइकांची किळस आली. ते फुटबॉल विश्वचषकाचं वर्ष होतं. सगळं शहर लाल शर्ट घालून रस्त्यावर, सगळे एकमेकांच्या गळ्यात, आपण सगळे एक. आणि त्याच लाल शर्टातली पोरं माझ्याकडे भित्तिपत्रक छापायला घेऊन आली. 'सारा देश मान उंच करतोय, आमच्या विभागाची मान कुणी खाली घातली?' खाली सत्तर सह्या. मी म्हणालो, "मशीन बिघडलंय."

"चालू तर दिसतंय, काका."

"तुमच्यासाठी बिघडलंय."

त्या पोरांनी जाऊन सगळीकडे सांगितलं. खालच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याची चांदी झाली. बायको म्हणाली, "तू कशाला मध्ये तंगडं घालतोस? तुझी कोण लागते ती?" मी म्हणालो, "उंबरा कोणी फोडला?" दुसऱ्या दिवसापासून ती मिरानसाठी एक जास्तीचा डबा भरू लागली.

मिरानच्या आईला खानावळीतून काढलं. मालकीण वाईट नव्हती, पण विभागाच्या पार्ट्या तिच्याकडे व्हायच्या आणि पोरांनी येणं बंद करू म्हणून धमकावलं. आई मिरानसमोर हात जोडून बसली. "सोड ना गं. लोकांनी पोरीसारखं सांभाळलं तुला. त्या मासळीवालीच्या पोराला काय वाटेल?"

"आई, मला कुणी सांभाळायला नकोय. मला शिकायचंय." आणि मग, माझ्यादेखत, आईवर ओरडली, "तुझी पाठ कुणी मोडली ते विसरलीस का? मी मोडली! अजून किती जणांची मोडू?" म्हातारी रडली. मिरानने तिला जवळ घेतलं नाही. मी म्हणालो ना, गोड नव्हती.

पांग साहेबांनी दोकसूला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो सैन्यातून रजा घेऊन गणवेशातच आला आणि कोर्टात जायच्या आधी माझ्या दुकानात शिरला. चेहरा उन्हाने काळा, आवाज चढलेला.

"काका, मी काय वाईट केलं तिचं? सांगा ना. बराकीत पेपर आला, सगळे मला चिडवतात. 'अरे, तू जिला उचललंस तिने तुझ्यावर केस केली.'"

"तुझ्यावर नाही केली."

"बॅनरवर माझंच नाव होतं ना? मग कोणावर केली?"

मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "मी खरं तेच सांगणार. की तिला कसलाही त्रास होऊ दिला नाही. एक दिवसही नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आज मिरान हरणार, आणि तेही ह्या बैलासारख्या चांगल्या पोराच्या हातून.

कोर्टात विद्यापीठाच्या वकिलाने आधी सांगितलं की अशी काही अडचण आहे हे व्यवस्थापनाला ठाऊकच नव्हतं. रीतसर तक्रार आलीच नाही. कायद्यातही 'शक्य तेवढी सोय' असंच म्हटलंय. डोंगरावरची इमारत, जुनं बांधकाम, शिवाय विभागाने तिला तिसऱ्या वर्षाला सगळ्या विषयांत ए श्रेणी दिली, मग नुकसान कुठे झालं? चांगला वकील होता. न्यायाधीश मान डोलावत होते.

आणि मग पांग साहेब साक्षीला उभे राहिले. त्यांच्या बगलेत एक मोठी चौकट होती. वकिलाने त्यांना डोळ्यांनी खुणावलेलं मी पाहिलं, पण साहेबांचा ऊर भरून आला होता. त्यांनी चौकट उलटी केली आणि वर धरली. फाटकावरच्या बॅनरचा फोटो, खाली दोकसू आणि त्याच्या पाठीवर मिरान.

"न्यायमूर्ती महाराज, आम्हाला निर्दय म्हणतात. हे बघा. ह्या मुलीसाठी आम्ही काय वातावरण तयार केलं ते बघा. रोज, दोन वर्षं, चार मजले. आम्ही त्या मुलाचा सत्कार केला. साऱ्या शहराला दाखवलं."

आमच्या माणसांचं हे असं आहे. चांगुलपणा दिसला की तो टांगल्याशिवाय राहवत नाही. अगदी गळ्याशी येत असला तरी.

न्यायाधीशांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग विचारलं, "म्हणजे ही मुलगी कुणाच्या तरी पाठीवर बसल्याशिवाय वर्गात पोहोचू शकत नाही, हे तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं?"

पांग साहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता, नुसताच चाळत होता.

"माहीत होतं की नव्हतं?"

"म्हणजे... सत्कार तर..."

"बसा."

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मिरानकडे पाहिलं, तर ती पांग साहेबांकडे बघतही नव्हती. ती दोकसूकडे बघत होती.

दोकसू उभा राहिला, सलाम ठोकला. तो जे सांगायचं ठरवून आला होता तेच सांगितलं. मी तिला रोज नेलं. आजारी असतानाही नेलं. तिला काही त्रास होऊ दिला नाही. तो बोलत होता ते सगळं खरं होतं आणि सगळ्यांना ते खरं वाटत होतं.

वकीलबाई उठली. "सकाळी किती वाजता वर न्यायचात?"

"नऊला."

"खाली?"

"पाचला. कधी सहा."

"मधल्या वेळात तिला संडासला जायचं झालं तर?"

कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. दोकसूचे कान लाल झाले.

"ती... ती जायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कधी म्हणालीच नाही. चौथ्या मजल्यावरचा संडास अरुंद आहे, खुर्ची जात नाही. पण तिला कधी लागलंच नाही."

"दोन वर्षं? नऊ ते पाच?"

"हो." आणि मग तो थांबला. एवढा मोठा पोरगा, तिथे उभ्या उभ्या त्याच्या डोक्यात काहीतरी उलगडत गेलं आणि ते सगळ्यांना दिसलं. "ती पाणी प्यायची नाही," तो हळूच म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा बाटली दिली होती. म्हणाली, तहान नाही."

तेगूच्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात तहान नाही! न्यायाधीशांसकट त्या खोलीत एकही माणूस नव्हता ज्याला हे ऐकून कळलं नाही.

"तुम्ही कधी विचारलंत का?" बाईने विचारलं.

"नाही."

"का?"

त्याने मिरानकडे पाहिलं आणि तोंड हातांनी झाकलं. विद्यापीठाचा साक्षीदार रडतोय म्हटल्यावर त्यांच्या वकिलाने दहा मिनिटांची सुट्टी मागितली.

बाहेर आवारात तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, मला सांगायचं होतंस ना गं."

"सांगितलं असतं तर तू तिथेही उचलून नेलं असतंस."

"नेलं असतं की!"

"म्हणूनच नाही सांगितलं, गाढवा." एवढं म्हणून ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसली. पण त्याला हसता आलं नाही. टोपी हातात चुरगाळत तो स्टॅंडकडे चालत गेला. त्यानंतर तो माझ्या दुकानात कधी आला नाही.

निकाल मिरानच्या बाजूने लागला. भरपाई नावापुरती. लिफ्टबद्दल न्यायाधीशांनी एक अक्षर काढलं नाही, पण वर्गाची जागा न बदलणं ही विद्यापीठाची चूक ठरली. पेपरात बातमी आली ती क्रीडापानाच्या मागे, बोटभर. विद्यापीठाने अपील केलं नाही. माजी विद्यार्थी संघाच्या खोलीतलं टेबल टेनिसचं टेबल बाहेर काढलं आणि यॉम सरांचा इतिहास-अध्यापनाचा वर्ग खाली आला. चाळीस जण उतरले, पण कुरकुरत. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सहामाही संपेपर्यंत रिकाम्या राहिल्या. कुणी तिला ताई म्हणेना. वही द्यायला येणारी मुलगीही यायची बंद झाली.

"तुला वाईट वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं. पण सर काय बोलतात ते ऐकू येतं."

सहामाहीच्या शेवटी परीक्षेचा निकाल लागला आणि ती दुकानात आली. मांडीवर पेपर होता. तो तिने काउंटरवर ठेवला. नापास.

माझं टाळकं सरकलं. "सूड घेतला त्या म्हाताऱ्याने! हरामखोर! बोलव तुझ्या वकीलबाईला. परत कोर्टात खेचू. मी येतो साक्षीला. सगळ्या विभागात एकटी तूच नापास?"

"एकटी मीच."

"मग? उघड उघड सूड आहे!"

"काका, पेपर उघडा ना."

मी उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शाई. समासात, ओळींच्या मध्ये, उलट्या बाजूला. 'हे विधान कशावरून?' 'इथे कारण आणि परिणाम यांची गल्लत.' 'हा करार आधी झाला की नंतर? विचार कर.' 'पाठ केलेलं आहे, समजलेलं नाही.' यॉमचं तोंड मला आजही आवडत नाही, समोर आला तर मी रस्ता ओलांडतो. पण एवढं लिहायला त्याला तासभर तरी लागला असणार.

"तिसऱ्या वर्षाच्या पेपरांवर काय होतं माहितीये?" मिरान म्हणाली. "फक्त ए. आत एक टिंबसुद्धा नाही. उघडलेच नव्हते त्यांनी."

"हे मुद्दाम केलंय त्याने."

"केलं असेल. मी गेले विचारायला. म्हणाले, 'तूच कोर्टात म्हणालीस ना, सगळ्यांसारखं वागवा? हे घे.' टोमणाच मारला त्यांनी. पण काका, बरोबर आहेत ते. मी सगळा पेपर परत वाचला. मला खरंच येत नाही. जे वर्षभर त्या वर्गात बोललं गेलं, भांडलं गेलं, चुकलं गेलं, ते इतरांना येतं आणि मला येत नाही. मला वाटत होतं मी हुशार आहे. ए होते ना माझ्याकडे."

आणि मग ती रडली. बॅनर लागला तेव्हा नाही, त्या पंगतीत नाही, कोर्टात नाही. माझ्या काउंटरवर डोकं ठेवून, खांदे गदागदा हलवत रडली. बायको आतून धावत आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेली. मग थांबली आणि विचारलं, "ठेवू?" मिरानने मान हलवली. बायकोने हात ठेवला.

"वर्गाची जागा देत नव्हते त्यावर खटला झाला," मिरान काउंटरवरूनच म्हणाली, नाक ओढत. "पण हे जे हसत हसत ए देऊन माझ्याकडून काढून घेतलं, ह्यावर कुठे जायचं? ह्याला तर सगळे प्रेमच म्हणतात."

माझ्याकडे नेहमीप्रमाणे फक्त राग होता, आणि तो तिच्या काही कामाचा नव्हता. तिने डोळे पुसले, पेपर उचलला आणि पुढच्या सहामाहीसाठी त्याच वर्गात नाव घालायला डोंगरावर निघाली. चढावर खुर्ची जड जात होती. दोन पोरं मागून येत होती. एकाने हात पुढे केला तेव्हा तिने काय म्हटलं ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण त्याने हात मागे घेतला आणि तिच्या चालीने, तिच्या बाजूने चालू लागला.